उत्तर: उंदीर जवळचा, मग मासा कशाला?

'उंदीर माणसाला जास्त जवळचा, मग औषधांच्या चाचणीत झेब्राफिश या छोट्या माशावरच्या निकालाला काय किंमत?' असं विचारलं जातं. हा मुद्दा मला पटत नाही. थॅलिडोमाइड या औषधाचंच बघा. गरोदर बायकांनी ते घेतलं आणि हजारो मुलं हातपाय खुरटलेली जन्मली, पण उंदरांच्या पिल्लांवर त्याचा तसा परिणाम होत नाही. झेब्राफिशच्या भ्रूणात मात्र छातीजवळचे पर खुरटतात, म्हणजे आपल्या हातांच्या जागचेच अवयव! २०१० मध्ये जपानी संशोधकांनी हे औषध सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटतं हे दाखवलं. औषध चिकटू शकणार नाही असं बदललेलं सेरेब्लॉन भ्रूणात घातलं, तर पर बऱ्यापैकी नीट वाढले. इतका थेट पुरावा या इवल्याशा माशाने दिला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पाण्यात औषध किती मिसळलं यावरून भ्रूणात किती उतरलं ते कळत नाही. अंड्याभोवतीचं आवरण काही मोठे रेणू अडवतं. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्याने ते सोलून काढावं लागतं, आणि हात जरा हलला की भ्रूण गेलाच. 'माशाला काही झालं नाही' असा निकाल वाचला की मी आधी आवरण काढलं होतं का तेच शोधते.