अनुभव धागा: तुमच्या गावातली कॉलेज बास्केटबॉलची कोच

साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियात आम्ही राहायला आलो, तेव्हा किराणा दुकानात, दंतवैद्याकडे, लेकीच्या शाळेत जो तो 'आपल्या मुलीं'बद्दल बोलत असायचा. आपल्या मुली म्हणजे इथल्या विद्यापीठाचा महिला बास्केटबॉल संघ. आणि गप्पा फिरून यायच्या त्या कोच डॉन स्टेलींवर.

स्टेली २००८ साली फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातून इथे आल्या. खेळाडू म्हणून तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं गाठीशी होती, तरी पहिल्या मोसमात संघाने १० सामने जिंकले आणि १८ गमावले. त्यांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद २०१७चं. पण देशात महिला बास्केटबॉलला सर्वाधिक प्रेक्षक यायला लागले ते २०१४-१५च्या मोसमापासून, इथल्या १८,००० खुर्च्यांच्या कलोनियल लाइफ अरीनात. गाव आधी जोडलं गेलं, करंडक नंतर आला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आमच्या रांगेत एक निवृत्त शिक्षिका बसतात. हरायच्या दिवसांपासून त्यांचं सीझन तिकीट आहे. त्या लहान असताना या विद्यापीठात काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. तो मिळाला सप्टेंबर १९६३मध्ये. या संघाची गाजलेली खेळाडू एजा विल्सन ही इथल्याच हॉपकिन्सची मुलगी. देशभरातली मोठी विद्यापीठं तिच्या मागे असताना तिने २०१४मध्ये घराजवळचा संघ निवडला. तिच्या आजीला याच विद्यापीठाच्या आवारातून चालायची मुभा नव्हती, वळसा घालून जावं लागायचं. २०२१मध्ये अरीनासमोर एजाचा पुतळा उभा राहिला. त्या शिक्षिका प्रत्येक सामन्याआधी त्या पुतळ्यापाशी थांबतात आणि माझ्या लेकीलाही थांबवतात. या गावाचा इतिहास माझी लेक त्यांच्याकडून शिकली, एका सामन्याच्या तिकिटावर.

तुमच्या गावातल्या कोचने माणसं कशी जोडली? स्वतः पाहिलेलं लिहा.

आयोवा सिटीहून
आमच्याकडे लिसा ब्लूडर. केटलिन क्लार्क या आमच्या खेळाडूमुळे जगाला आयोवा कळलं, पण ब्लूडर इथे २०००पासून होत्या. जन्म आयोवातला, कॉलेज आयोवातलं, आधीच्या दोन्ही ठिकाणची कोचगिरीही (डॅव्हनपोर्ट, मग डे मॉइन) याच राज्यात. शेतकरी कुटुंबं लांबून गाडी हाकत सामन्याला यायची, ती या ओळखीवर.
१५ ऑक्टोबर २०२३ला किनिक या फुटबॉलच्या उघड्या स्टेडियमवर डीपॉल विद्यापीठाशी सराव सामना ठेवला होता. मी लॅबमधल्या सगळ्यांना घेऊन गेले होते. बोचरी थंडी, वारा, आणि ५५,६४६ माणसं! महिला बास्केटबॉलच्या सामन्याला इतकी माणसं तोवर कधीच जमली नव्हती. उत्पन्नातले अडीच लाख डॉलर शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलला गेले. त्या हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरून स्टेडियम दिसतं आणि फुटबॉलच्या सामन्यात पहिला क्वार्टर संपला की अख्खं मैदान वळून खिडकीतल्या मुलांना हात करतं. मदत कुणाला करायची, हा प्रश्न इथे कुणाला पडलाच नसणार.

नॉक्सव्हिल, टेनेसीहून
पॅट समिट यांच्याबद्दल इथे वयस्कर पेशंट घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. १९७४मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी त्या इथल्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या मुख्य कोच झाल्या. गणवेश डोनट विकून आलेल्या पैशातून घेतलेले, ते धुवायच्या त्याच आणि संघाची व्हॅन चालवायच्याही त्याच. पुढे १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं.
मला सांगायचंय ते २०११चं. अल्झायमरचं निदान झाल्यावर त्यांनी ते लपवलं नाही, स्वतः जाहीर केलं. 'वी बॅक पॅट' लिहिलेले टी-शर्ट घालून लोक मैदानात येऊ लागले. माझ्याकडे स्मृतिभ्रंशाचे पेशंट येतात. आजार घरात दडवून ठेवणारी कुटुंबं मी पुष्कळ पाहिली आहेत. इथे मात्र "पॅटला झालं तेच का?" असं नातेवाईक सरळ विचारतात, आणि पुढचं बोलणं सोपं होतं.

मुंबईहून
अमेरिकेतलं मला फारसं ठाऊक नाही, पण नागपाड्याचं सांगतो. आमच्या कॉलेजच्या संघातली निम्मी मुलं त्या मोहल्ल्यातली. बच्चू खान यांनी तिथल्या पोरांना घडवलं, त्यांच्याच नावाचं मैदान आहे. भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर याच गल्ल्यांतले. संध्याकाळी कठड्याला टेकून जो पब्लिक उभा असायचा, त्यातल्या प्रत्येकाला खेळ कळायचा. चुकीचा पास दिला की चहावालाही सांगायचा.

शार्लटहून
थोडा वेगळा सूर लावतो. स्टेलींचा २०२१चा करार सात वर्षांसाठी २ कोटी २४ लाख डॉलरचा होता. विद्यापीठाने पैसा ओतला, उत्तम खेळाडू मिळाल्या, म्हणून विजय आले. हरत राहिल्या असत्या तर गावाने किती दिवस साथ दिली असती?

धागाकर्ती
@शार्लट, पैशाचं आणि विजयांचं म्हणणं खरं आहे, त्याशिवाय अरीना भरत नाही. पण तो करार आला तेव्हा प्रेक्षकसंख्येतला पहिला नंबर कित्येक वर्षं जुना झाला होता. शिवाय करारात लिहिता येत नाहीत अशा काही गोष्टी आहेत. त्यांची 'इनरसोल' ही संस्था २०१३पासून गरजू मुलांना नवे कोरे बूट देते. जुने, वापरलेले नाहीत. १९९९मध्ये पर्ड्यू विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देणाऱ्या कॅरोलिन पेक यांनी आपल्या विजयाच्या जाळीचा (विजेतेपद मिळालं की बास्केटची जाळी कापून घ्यायची इथे प्रथा आहे) तुकडा स्टेलींना दिला होता. २०१७ची जाळी स्टेलींकडे आली आणि २०२१मध्ये त्यांनी तिचे तुकडे देशभरातल्या काळ्या महिला कोचना पाठवले. यातल्या बऱ्याचजणी त्यांच्याविरुद्धच खेळणाऱ्या संघांच्या आहेत.
अजून कुणी कनेटिकट किंवा टेक्सासचं आहे का? तिकडचं वाचायचंय.