मदत हवी आहे : कॉक्सचा सिद्धान्त आणि आमचा कापूस

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यात राहून मी आंतरराष्ट्रीय संबंधांतील चिकित्सक सिद्धान्तांवर पीएच.डी. करीत आहे. या विषयातील कॅनेडियन अभ्यासक रॉबर्ट कॉक्स यांनी १९८१ मध्ये प्रचलित व्यवस्था गृहीत धरून समस्या सोडवणारा सिद्धान्त आणि ती व्यवस्था मुळात घडली कशी हे विचारणारा चिकित्सक सिद्धान्त असा जो भेद केला, तो मला जिनिंगच्या फाटकावर, व्यापारी मोबाइलवरचे रुईचे जागतिक दर दाखवून कापसाचा भाव पाडतो तेव्हा, नेमका दिसतो. मार्गदर्शकांना मात्र हा विषय कृषी अर्थशास्त्राचा वाटतो (त्यांचे अगदीच चुकते असेही नाही). शिवाय इटालियन मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शीच्या ‘हेजेमनी’साठी (केवळ बळावर नव्हे, तर लोकांच्या संमतीवर टिकणाऱ्या सत्तेसाठी) ‘वर्चस्व’ म्हटले, तर त्यातली संमती हरवते. ‘धुरीणत्व’ प्रबंधात चालेल का? वऱ्हाडीतील मुलाखती या चौकटीत कशा बसवाव्यात, हे अनुभवी संशोधकांनी कृपया सांगावे.