मदत हवी आहे: आयआयटी नाही, आयआयएम नाही, वय ४४. गुंतवणूकदार दारात तरी उभं करतील का?

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज अडलंय म्हणून लिहितोय.

राहायला डोंबिवली. बी.कॉम. झाल्यापासून भिवंडी आणि कळंबोलीत ट्रान्सपोर्ट कंपन्यांत नोकरी, बुकिंग क्लार्कपासून शाखा सांभाळण्यापर्यंत. या धंद्यातलं जुनं दुखणं म्हणजे पोच. माल वेळेवर उतरतो, पण सही-शिक्क्याची बिल्टी (गाडीसोबतची मालाची पावती) ड्रायव्हरच्या केबिनमध्ये नाहीतर कुठल्यातरी शाखेच्या कपाटात पडून राहते. पोच नाही तर बिल नाही, बिल नाही तर भाडं नाही. तोवर डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता सगळं गाडीमालकाच्या खिशातून.

यावर एक अ‍ॅप करून घेतलंय. पोचेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की बिल्टीशी जुळतो आणि बिल तयार होतं. चाळीसेक लहान ट्रान्सपोर्टर वापरतात, त्यातले निम्मे दरमहा पैसे देतात. कोड भाच्याने लिहिलाय.

वाढवायला भांडवल हवं म्हणून बीकेसी आणि लोअर परळला काही जणांना भेटलो. बोलणं सभ्य, पण गाडी फिरून एकाच जागी येते: शिक्षण कुठलं, आधी काय उभं केलंय, टेक कोण बघतं? एक हितचिंतक म्हणतात, एखादा आयआयटीवाला सहसंस्थापक म्हणून घे, २५ टक्के दे, स्लाइडवर नाव आलं की काम होईल.

विचारायचंय ते असं. पार्श्वभूमी खरंच इतकी बघतात का? वय आड येतं का? आणि हा नावापुरता भागीदार घ्यावा का?

पवईकर:
बघतात. उगाच धीर देत नाही. सुरुवातीच्या टप्प्यावर तपासायला दुसरं असतं तरी काय? ८८५ व्हेंचर कॅपिटलवाल्यांच्या (नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्यांच्या) एका सर्वेक्षणात (प्रसिद्ध झालं २०२० मध्ये) ४७ टक्क्यांनी संस्थापकांची टीम हाच सर्वात महत्त्वाचा निकष सांगितला होता. त्याआधी एंजललिस्टवर (स्टार्टअप आणि गुंतवणूकदार जोडणारी वेबसाइट) एक प्रयोग झाला. गुंतवणूकदारांना गेलेल्या ईमेलमध्ये कुठली माहिती दाखवायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. टीमची माहिती दिसली की ते जास्त वेळा पुढे बघायचे. ग्राहक किती किंवा आधी कुणी पैसे घातलेत, याने तसा फरक पडला नाही. आणि त्या 'टीम'मध्ये नामांकित कॉलेज, नामांकित कंपनी हेही होतंच.

वयाची मात्र चिंता सोडा. अमेरिकेत सर्वात वेगाने वाढलेल्या ०.१ टक्का नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय ४५ निघालं, आणि त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांची शक्यता जास्त होती. अभ्यास तिकडचा आहे, इथे जसाच्या तसा लावू नका.

गप्पिष्ट_ठाणेकर:
फाल्गुनी नायर यांनी २०१२ मध्ये नायका काढली तेव्हा त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या! ओयोवाल्या रितेश अग्रवालकडे तर पदवीच नाही. बिनधास्त जा.

पवईकर:
ही दोन उदाहरणं प्रत्येक चर्चेत येतात आणि दोन्ही अर्धीच सांगितली जातात. नायर आयआयएम अहमदाबादच्या, कोटकच्या इन्व्हेस्टमेंट बँकेत वरच्या पदावर होत्या. अग्रवालना २०१३ मध्ये थील फेलोशिप (कॉलेजऐवजी स्वतःचं काम उभं करणाऱ्या तरुणांना मिळणारं अनुदान) मिळाली, म्हणजे पदवीच्या जागी दुसरा शिक्का आला. शिक्का लागतोच, फक्त तो कॉलेजचाच हवा असं नाही.

तुमच्या धंद्याजवळचं उदाहरण ब्लॅकबकचं, ट्रकवाल्यांसाठी अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीचं. राजेश याबाजी आयआयटी खरगपूरचे खरे, पण कंपनी काढण्याआधी आयटीसीत पुरवठा साखळीचं काम करत होते. तुम्ही तर आयुष्यभर तेच केलंय. तरी तुमच्या डेकमध्ये (गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड्समध्ये) ते कितव्या पानावर आहे?

धागाकर्ता:
शेवटून दुसऱ्या. 'अबाउट अस'मध्ये दोन ओळी.

पवईकर:
पहिल्या पानावर आणा. "अनुभवी संस्थापक" असं मोघम नको. माल कमी भरला तर घेणारा पोचेवर काय शेरा मारतो, कुठला माल उतरवायला गाडी दोन-दोन दिवस थांबते, बिलातला कुठला आकडा अकाउंट्सवाले आधी कापतात, हे लिहा. बीकेसीतल्या पंचविशीतल्या अ‍ॅनालिस्टला हे कळायचा मार्ग नाही. भेटीची वेळ मात्र ओळखीने लवकर मिळते. पैसे देणाऱ्या ट्रान्सपोर्टरांपैकी कुणी कधी कुठे पैसे गुंतवलेत का, विचारा.

सीए_मुलुंड:
नावापुरता भागीदार अजिबात नको. चार वर्षांचं व्हेस्टिंग (हिस्सा काम करत राहील तसा हळूहळू नावावर होणं) आणि एक वर्षाचा क्लिफ (वर्षाच्या आत गेला तर काहीच नाही) न लावता २५ टक्के दिलेत आणि तो सहा महिन्यांत गेला, तर तो हिस्सा कायमचा अडकला. पुढचा गुंतवणूकदार भागधारकांची यादी बघूनच मागे फिरेल.

पण "टेक कोण बघतं" हा प्रश्न मात्र रास्त आहे, त्याला कॉलेजच्या चौकशीत मोजू नका. भाचा पूर्णवेळ आहे का? कोडचे हक्क कुणाच्या नावावर? धंदा प्रोप्रायटरशिपमध्ये असेल तर आधी प्रायव्हेट लिमिटेड करा. शेअरच नाहीत तर गुंतवणूकदार घेणार काय? एंजल टॅक्सची (रास्त किमतीपेक्षा जास्त भावाने शेअर विकून आलेल्या जादा रकमेवरच्या कराची) धास्ती असेल तर तो २०२४ च्या अर्थसंकल्पात काढून टाकलाय.

धागाकर्ता:
प्रोप्रायटरशिपच आहे. भाचा ऐरोलीला आयटी कंपनीत नोकरीला, कोड शनिवार-रविवारी लिहितो. वर्षभराच्या पगाराची सोय झाली तर सोडून यायला तयार आहे. हक्कांचं काही लिहिलेलं नाही, घरातलाच मुलगा म्हणून विषयच निघाला नाही.

सीए_मुलुंड:
मग आयआयटीवाल्याला द्यायला निघालेला हिस्सा भाच्याला द्या, व्हेस्टिंगसकट. तो सहसंस्थापक. त्याआधी त्याचं नेमणूकपत्र वाचा. नोकरीत असताना लिहिलेल्या कोडवर कंपनी हक्क सांगेल असं कलम पुष्कळ ठिकाणी असतं, कामाच्या वेळेबाहेर लिहिलेल्या कोडवरही. तसं असेल तर वकील गाठा, आणि तोवर नव्या भेटी थांबवा. ड्यू डिलिजन्समध्ये (पैसे घालण्याआधीच्या कागदपत्रांच्या तपासणीत) हे हमखास बाहेर येतं.

धागाकर्ता:
पत्र त्याच्या मेलमध्ये आहे म्हणतोय, रात्री पाठवतो. डेकचं पहिलं पान आजच बदलायला घेतो. शेरे मराठीत मारलेल्या पोचांचे फोटो तसेच टाकले तर चालतील का, की इंग्रजीत करून द्यायचे?

पवईकर:
तसेच टाका, खाली एका ओळीत अर्थ द्या. पार्टीचं नाव आणि गाडी नंबर तेवढा झाका.