हॅनन मोडून वाजवायचा की सोडूनच द्यायचा?

बारा_पट्टी:
पियानोच्या ग्रेडच्या परीक्षा दिलेली पोरं जॅझकडे वळली की पहिलं काम काय, तर हॅनन-चेर्नी (बोटं तयार करायच्या व्यायामांच्या वह्या) माळ्यावर. मला नाही पटत हे. हॅननची ती ६० व्यायामांची वही १८७३ची, पहिले वीस तर सगळे सी मेजरमध्येच, कंटाळा येतो मान्य, पण टाकून कशाला द्यायचे, मोडून घ्या ना. पहिलाच बघा, सी-ई-एफ-जी-ए-जी-एफ-ई. डाव्या हातात डी मायनर सेवन, जी सेवन, सी मेजर सेवन हे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), प्रत्येकाचे फक्त थर्ड आणि सेवंथ, म्हणजे तिसरा आणि सातवा सूर, धरायचे, आणि उजव्या हाताने हाच पॅटर्न आधी डीवरून, मग जीवरून, मग सीवरून, स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत. बसला की पट्टी (स्केल) बदलायची, बाराही पट्ट्या. सुचलेलं वाजायला बोटं तयार नकोत का?

रेकॉर्ड_ऐका:
बोटं तयार होतात हो, कानाचं काय? तासन्तास एकच आकृती घोटली की सोलोत तीच बाहेर पडणार. जॅझ पियानिस्ट लेनी ट्रिस्टानो शिष्यांना सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगचे सोलो आधी गायला लावायचा, रेकॉर्डबरोबर, पार तोंडपाठ होईपर्यंत. आणि तुमचाच पॅटर्न जी सेवनवर वाजवून बघा, जी-बी-सी-डी-ई-डी-सी-बी. मात्रेला दोन सूर, मग चार मात्रांवर काय आलं? जी, सी, ई, सी. कॉर्डमधला सूर एकच, आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर नेमका सी, जो तिथे सगळ्यात जास्त खुपतो. बी आणि डी बिचारे मधल्या फटीत. बीबॉपवाले (वेगवान जॅझ वाजवणारे) बहुतेक वेळा बरोबर उलटं करतात, कॉर्डचे सूर मात्रेवर. याला सराव म्हणायचं?

डावा_हात:
@रेकॉर्ड_ऐका हिशोब बरोबर आहे, पण औषध तिथेच आहे. पहिला सूर अर्धी मात्रा आधी घ्या, म्हणजे मागच्या बारच्या (चार मात्रांच्या गटाच्या) चौथ्या मात्रेनंतर. आता मात्रांवर बी, डी, डी, बी. सगळे कॉर्डचे! डी मायनर सेवनवर एफ, ए, ए, एफ. एक सूर बदलला नाही, फक्त सरकवला.
आणि जॅझ पियानिस्ट ऑस्कर पीटरसनचे गुरू पॉल डी मार्की हे थोमानचे शिष्य, थोमान खुद्द लिस्टचा, त्या थोर पियानोवादकाचा. पीटरसनने पुढे शिकणाऱ्यांसाठी जॅझचे एट्यूड (सरावाच्या रचना) स्वतः लिहिले. काहीतरी उपयोग वाटला असेल ना त्याला.

रेकॉर्ड_ऐका:
पीटरसनचं नाव निघणार माहीतच होतं 😄 त्याच पीटरसनला वडिलांनी जॅझ पियानिस्ट आर्ट टेटमची रेकॉर्ड ऐकवली तेव्हा तो इतका हबकला की काही काळ पियानोला हात लावेना. म्हणजे कलाटणी मिळाली ती ऐकून.

पेटीवाला:
सा ग म प ध प म ग... हा तर सरळ पलटा झाला की राव. आमच्याकडे पलटे घोटण्यावरून कुणी भांडत नाही, बैठकीत कुणी पलटेच ऐकवायला लागला तर मात्र लोक चहाला उठतात.

कोपऱ्यातला_पियानो:
भांडायचंच तर हॅननवरून का, त्यात हार्मनी आहेच कुठे. बाख घराण्यातलं घ्या. बीबॉप पियानिस्ट बड पॉवेलने १९५७ मध्ये सी. पी. ई. बाखची सोल्फेजिएत्तो ही रचना रेकॉर्ड केली, आधी जशीच्या तशी आणि मग त्यातूनच सरळ आपल्या वाटेने. मी तेच करते, आठ बार लिहिलेले, आठ बार स्वतःचे, कॉर्ड तेच. एका ओळीत कॉर्ड कशी ऐकू आणायची ते तिथे कळतं, हॅननमध्ये साठ व्यायाम संपले तरी कळत नाही.

रेकॉर्ड_ऐका:
हे मात्र मान्य, कारण यात ऐकावं लागतं. अर्ध्या मात्रेचं पण आत्ता वाजवून बघितलं, बरं लागतं म्हणजे अगदीच वाईट नाही. पण एफ शार्पमध्ये अंगठा काळ्या पट्टीवर येतो, तिथे हॅननबुवा काय म्हणतात?

बारा_पट्टी:
बुवांची बोटं सोडा तिथे. अंगठा फक्त बी आणि ई शार्पवर, तिथल्या दोनच पांढऱ्या त्या, बाकी लांब बोटांनी. आणि आधी हळू, मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर.