आंकीचा तयार डेक: जर्मन ए१ला मदत की डोक्याला ताप?

पाटीपुस्तक (धागाकर्ता)
जर्मनच्या ए१ची (पहिल्या पातळीच्या परीक्षेची) तयारी सुरू केली की लोक आंकीत, म्हणजे कार्डांवरून शब्दांची उजळणी करून घेणाऱ्या ॲपमध्ये, पहिल्याच दिवशी चार हजार शब्दांचा तयार डेक (कार्डांचा संच) उतरवतात आणि महिन्याभरात आंकी उघडायचंच सोडतात. रोज नवी २० कार्डं ही मूळ सेटिंग. तेवढी घेत राहिलं की उजळणी रोज २००च्या घरात जाते. त्यात चार दिवस खाडा झाला की संपलंच.

दुसरं म्हणजे, बऱ्याच डेकांत नुसतं 'टिश – टेबल' असतं. लिंग कुठाय? आपण 'ते टेबल' म्हणतो म्हणून बिनधास्त नपुंसकलिंगी 'डास टिश' ठोकून देतो. आहे पुल्लिंगी 'डेर टिश'. म्हणून म्हणतो, तयार डेक नकोच. धड्यात भेटलेला शब्द त्याच्या वाक्यासकट स्वतः कार्डावर घाला, रोज आठ-दहा. पुढे मराठी, मागे 'डेर टिश, डी टिशे'. अनेकवचन तिथेच.

उंबरठा
साफ असहमत. चार हजारांचा डेक घेतलाच कशाला? ए१ची शब्दसूची ग्योटे इन्स्टिट्यूट (आपलं मॅक्सम्युलर भवन) पीडीएफमध्ये फुकट देते, सुमारे ६५० शब्दांची. तेवढ्याच शब्दांचा तयार डेक घ्या; रोज १० घेतले तरी ६५ दिवस. वाक्य आणि उच्चारासकट एक कार्ड स्वतः करायला तीन मिनिटं धरा: ६५० कार्डांना ३२ तास! तेवढ्या वेळात कितीतरी जर्मन ऐकून होईल की.

डेक बिघडतो तो बटणांमुळे. शब्द आठवला नाही तरी 'अगेन' (पुन्हा दाखव) दाबायला जिवावर येतं, मग 'हार्ड' दाबतात. 'हार्ड' म्हणजे आठवलं, पण कष्टानं. एफएसआरएस (पुढची उजळणी कधी, ते ठरवणारं आंकीतलं गणित) चालू असेल तर त्याला वाटतं शब्द येतोय, आणि पुढच्या मुदती उगाच लांबतात.

दोरीसूद
लिंगाबद्दल धागाकर्त्यांना +१, पण सरसकट घोकू नका. 'उंग' प्रत्यय लागलेलं नाम स्त्रीलिंगीच: त्सायटुंग, वोनुंग, रेशनुंग. 'हाइट', 'काइट'चंही तेच. 'श्येन' लागलं की नपुंसकलिंगी, म्हणून मुलगीसुद्धा 'डास मेडश्येन'. (आपल्या 'ते पोरगं'वाल्यांना यात नवल वाटू नये.)

कोरा_कागद
दोघंही कार्डांतच अडकलात. ए१ला लेखनाला २० मिनिटं असतात: एक फॉर्म भरायचा आणि ३० शब्दांच्या आसपास एक छोटं पत्र. बोलण्यात स्वतःची ओळख, दिलेल्या विषयावर प्रश्नोत्तरं, मग एखादी विनंती. यातलं कार्ड उलटून काय येतं? डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेची 'निकोस वेग' ही व्हिडिओ मालिका फुकट आहे, ए१ ते बी१ पातळीपर्यंत. एक प्रसंग सबटायटलशिवाय पाहा, मग जर्मन सबटायटल लावून, मग थांबवत थांबवत प्रत्येक वाक्य मोठ्यानं. इंग्रजी सबटायटल लावलंत की कान बंद झाले समजा.

पाटीपुस्तक
@उंबरठा, ३२ तास हा हिशोब मान्य. पण कार्ड करतानाच निम्मा शब्द पाठ होतो, तो वेळ कुठे धरलात?

उंबरठा
मग मधला रस्ता घ्या. संगणकावर आंकीत ब्राउझ उघडून तयार डेकातली सगळी कार्डं निवडा, कंट्रोल-जे दाबून स्थगित करा. धडा झाला की त्यातलेच शब्द शोधून पुन्हा कंट्रोल-जे. वाक्य मात्र तुमचं घाला. आणि उजळणीत लिंग नसलेलं कार्ड दिसलं की तिथल्या तिथे 'ई' दाबून दुरुस्त करा, 'नंतर बघू' नको.

पाटीपुस्तक
म्हणजे कार्डं स्वतःच केली की हो!