मदत हवी आहे: कामाचा हिशेब मीच घेते, मग ती माझ्याजवळ मन कसं मोकळं करणार?

नमस्कार. बालसंरक्षणात बारा वर्षं गृहभेटी केल्या, गेल्या वर्षापासून पाच जणांच्या टीमची सुपरव्हायझर आहे. त्यातल्या एकीबद्दल विचारायचंय.

चार महिन्यांपूर्वी तिच्या शिफारशीवरून एक मूल घरी परत गेलं आणि तीन आठवड्यांत त्याला पुन्हा मारहाण झाली. चौकशीत तिची चूक निघाली नाही. तेव्हापासून तिचे रिपोर्ट वेळेआधी येतात, एक नोंद राहत नाही. पण आधी त्यात मूल दिसायचं: कुठे झोपतं, कोण खोलीत आलं की गप्प होतं. आता फक्त "बालक सुरक्षित आढळले". वरिष्ठ म्हणतात, किती खंबीर आहे! मला ती बधिर होत चाललेली दिसते. तिची काळजी वाटते आणि ती ज्या घरांत जाते तिथल्या मुलांचीही.

आमची दोघींची सुपरव्हिजनची बैठक पंधरा दिवसांतून एक तास. केसची यादी आणि तारखा यातच पाऊण तास जातो. वही मिटता मिटता मी विचारते, "तू कशी आहेस?" ती म्हणते, "ठीक." अशा वेळी विचारल्यावर दुसरं काय सांगणार?

समाजकार्याचे अभ्यासक अल्फ्रेड कदुशिन यांनी १९७६ मध्ये सुपरव्हिजनची तीन कामं मांडली: प्रशासन, शिक्षण आणि आधार. पण तिचं वार्षिक मूल्यमापनही मीच लिहिते. झोप लागत नाही, दार वाजवताना हात थांबतो, असं तिने मला सांगितलं तर अवघड केस काढून घेतील ही धास्ती तिला असणारच.

गेल्या दोन वेळा यादी बाजूला ठेवून एकच केस घेतली. "काय केलंस" याऐवजी "त्या घरात शिरताना तुला काय होत होतं" असं विचारलं. पहिल्यांदा ती गप्प राहिली. दुसऱ्यांदा म्हणाली, "मी हल्ली मुलांच्या डोळ्यांत बघत नाही." मला पुढे बोलणंच सुचेना, मी रिपोर्टकडे वळले. ते मनाला फार लागून राहिलंय.

समुपदेशकाकडे पाठवलं तर "हे माझ्याजवळ नको" असा अर्थ ती काढेल का? केस कमी करताना ती शिक्षा वाटू नये म्हणून काय सांगता? हिशेब एकाकडे आणि आधार दुसऱ्या अनुभवी व्यक्तीकडे अशी वाटणी कुणी केली असेल, तर त्या दोघांनी एकमेकांना काय सांगायचं नि काय नाही, हे आधी कसं ठरवलंत?

पुढची भेट गुरुवारी आहे. तिच्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करायची आहे. पहिला शब्द काय काढू?