अनुभव धागा: मैदानानं सावरलं तेव्हा

खोखोवाली
काल शिवाजी पार्कवर मुलींचा खो-खो चालला होता. कट्ट्यावरच बसून राहिले. बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. येणारा-जाणारा म्हणायचा 'रडून घे गं', मला रडूच फुटेना. पंधराव्या दिवशी आमच्या खेळाच्या ताई दारात. आईला म्हणाल्या, तासभर नेते हिला. पाटीवर आठ जणी बसलेल्या, त्यात मी. खो मागूनच मिळतो, त्यामुळे कान सगळे पाठीकडे. पाठीवर थाप पडली, 'खो!', आणि मी सुटले. तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. त्या रात्री पोटभर रडले, मग झोपले. तुमचं लिहा ना.

लालबागकर
कबड्डी! चढाई ३० सेकंदांची, दम सोडायचा नाही. नोकरी गेली त्या वर्षी लोकलमध्ये छाती धडधडायची. भायखळा ते दादर मनातल्या मनात 'कबड्डी कबड्डी' म्हणत श्वास हळूहळू सोडायचो. संध्याकाळी पोरं खालून हाका मारायची, जावंच लागायचं.

दोन पोरांची आई
कुकर लावलाय, घाईत लिहितेय. माझ्या मुलाचं उलटं झालं. पोहण्याचे सर टायमिंगवरून सगळ्यांसमोर बोलायचे, शर्यतीच्या सकाळी याचं पोट दुखायचं. काढला तिथून. आता मित्रांबरोबर नुसता डुंबतो, जेवतो दणकून. मूल कुणाच्या हाताखाली खेळतंय ते बघा हो.

खोखोवाली
अगं बाई गं, केवढंसं लेकरू. बरं केलंस काढलास ते.

रात्रपाळी
वॉर्डातून लिहितेय. घाम गाळल्यावर झोप चांगली लागते, मनाला निम्मं औषध तेच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पण डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर खेळायला लागलो म्हणून परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. विराट कोहलीनेही सांगितलंय, २०१४च्या इंग्लंड दौऱ्यात त्याला डिप्रेशन आलं होतं. रोज मैदानावर असणारा माणूस तो!

आझाद मैदान
बारा वर्षं कांगा लीग, म्हणजे मुंबईतल्या क्लबांची क्रिकेट स्पर्धा, खेळलो. १९४८ पासून चालू आहे, तीही भर पावसाळ्यात. ओली विकेट, गुडघाभर गवत, चेंडू हरवला की दोन्ही टीम शोधायला. रिटायर झाल्यावर घर खायला उठलं. आता स्कोअर लिहायला जातो. पोरं 'काका, किती झाले?' विचारतात, त्यावर दिवस निघतो. येताना वडापाव ठरलेला.

लालबागकर
काका, कुठला वडापाव?

आझाद मैदान
सीएसएमटीसमोरचा. लसणीची चटणी जास्त मागून घे.

दोन पोरांची आई
खोखोवाली, बायकांचा खो-खो कुठे चालतो का? चाळिशी झाली, उजवा गुडघा कुरकुरतो.

खोखोवाली
शनिवारी पाचला पार्कात ये. आधी नुसतं चालू, मग पाटीवर बसून बघ. उकिडवं बसवतंय का तेवढं घरी करून पाहा.

दोन पोरांची आई
बसवलं! उठताना ओटा धरला. येते शनिवारी. शिट्टी झाली, पळते.